डिपेंडन्सी-शांतीचा यथासांग विधी

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या डेस्कटॉपचे, म्हणजे खिडक्या, पट्ट्या व मेनू मांडून देणाऱ्या प्रोग्रामसमूहाचे, उन्नयन ही गंभीर प्रशासकीय कारवाई असून ती हाती घेणाऱ्याने तिचे स्वरूप आधी समजून घेणे इष्ट आहे. अक्षरे काढणे, बटणे रंगवणे, वेळ वाचणे अशी जी कामे अनेक प्रोग्रामांना लागतात, ती एकदाच लिहून ठेवलेल्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. आणि अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती हजर असल्याखेरीज कामावर रुजू होणार नाही, अशी जी अट प्रत्येक प्रोग्राम घालतो, तिला डिपेंडन्सी म्हणतात.

ही व्यवस्था वाशीम जिल्ह्यातील रहिवाशाला फारशी समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजी अमदानीतील बासीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला, तेव्हा त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला व पुसद यवतमाळकडे गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र झाले, तरी जिल्हा मध्यवर्ती बँक अकोल्याचीच राहिली, आणि पुढे लोकसभेसाठी वाशीम व कारंजा यवतमाळशी जोडले गेले असता रिसोड मात्र अकोल्यातच मोजले जाते. पाटी बदलली म्हणून परावलंबन बदलत नाही, हा सिद्धांत येथे अनुभवसिद्ध आहे.

डेबियन या लिनक्स-वितरणाच्या १२ व्या आवृत्तीवरून (बुकवर्म) ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या १३ व्या आवृत्तीवर (ट्रिक्सी) जाताना हाच सिद्धांत पडद्यावर प्रकटतो. केडीई प्रकल्पाचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप ५.२७ वरून ६.३ वर जातो व त्याच्या बुडाशी असलेली क्यूट ही लायब्ररी पाचव्या पिढीतून सहाव्या पिढीत जाते. शिवाय १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजण्याची जुनी रीत १९ जानेवारी २०३८ रोजी संपुष्टात येणार असल्यामुळे असंख्य लायब्ऱ्यांच्या नावांपुढे ‘टी६४’ हे उपपद लागले आहे. गमतीचा भाग असा की ६४ बिटी यंत्रांवर वेळेचा हिशेब पूर्वीपासूनच ६४ बिटांत होत असूनही नामांतर त्यांच्याही वाट्याला आले.

पूर्वतयारी. सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे, आणि कोठून तरी जोडलेले बाहेरचे पॅकेजस्रोत, म्हणजे प्रोग्राम व लायब्ऱ्यांचे तयार गठ्ठे (पॅकेजे) पुरवणारी भांडारे, तूर्त बंद करावेत, कारण ते जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात. पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतच टंकाव्यात. टर्मिनलला भाषाभिमान कळत नाही.

निदान. पॅकेजांची आवकजावक सांभाळणारा ॲप्ट हा प्रोग्राम अटी अपूर्ण राहिल्याचे सांगून थांबतो, तेव्हा त्याला दोष न देता त्याचा संदेश शेवटपर्यंत वाचावा. त्याचे बरेच संदेश मराठीतही अनुवादित असल्यामुळे भाषेची सबब येथे चालत नाही. कोणती आवृत्ती कोठून येत आहे हे ‘ॲप्ट पॉलिसी’ दाखवते, कोणते पॅकेज पूर्वी कोणी मुद्दाम रोखून ठेवले हे ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ सांगते, आणि अमुक पॅकेज का बसत नाही याची साखळी ‘ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट’ उलगडते. साखळीच्या टोकाला बहुधा एखादे क्षुल्लक पॅकेज सापडते: सातबारा छापून देणाऱ्या केंद्रातील प्रिंटरसाठी कोणीतरी बसवून दिलेले, एका विशिष्ट जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहिलेले, आणि ज्याची आठवण कोणालाही नाही असे.

उपाय. आधी ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज’ ही सौम्य मात्रा देऊन जेवढे निर्विवाद आहे तेवढे निकालात काढावे व मगच ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ चालवावे, कारण ही दुसरी आज्ञा वाद मिटवण्यासाठी पॅकेजे काढूनही टाकते. ती अंमल करण्यापूर्वी काढावयाच्या पॅकेजांची यादी दाखवून होकार मागते, आणि सगळे अनर्थ याच ठिकाणी घडतात, कारण यादी लांब असते व होकाराचे बटण एकच असते. त्या यादीत प्रिंटरच्या जुन्या पॅकेजाचे नाव असेल तर निःशंक पुढे जावे. परंतु प्रिंटर वाचवण्यासाठी डेस्कटॉपच काढण्याचा प्रस्ताव असेल, तर नकार देऊन प्रिंटरचे पॅकेज आधी स्वतः काढावे. मध्येच वीज गेल्यास ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ व त्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या क्रमाने अर्धवट राहिलेले कार्य पूर्ण करावे.

निषिद्ध कर्मे. इंटरनेटवरून सुटी लायब्ररी उतरवून जुन्या जागी ठेवणे, किंवा नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक जोडून प्रोग्रामाची समजूत घालणे, ही कर्मे सर्वथा वर्ज्य होत. कारण नावापुढील आवृत्तीचा आकडा हा आतील रचना बदलल्याची जाहीर कबुली असतो आणि नाव जुने दिले म्हणून रचना जुनी होत नाही. जबरदस्तीचा ‘फोर्स’ पर्याय वापरल्याने तंटा मिटत नाही, केवळ तक्रार नोंदवणारा गप्प बसतो.

फलश्रुती. जो हा विधी क्रमाने करतो व यादी वाचल्याखेरीज होकार देत नाही, त्याचा डेस्कटॉप अखंड राहतो, प्रिंटर पुन्हा बसवता येतो आणि शेजारच्या तालुक्यातून जाणकार बोलावावा लागत नाही. हे पुण्य साधारणपणे दोन वर्षे पुरते. त्यापुढील आवृत्तीचे नाव, फोर्की, आधीच ठरलेले आहे.