खिशातला कॅमेरा, ढगातलं लोणावळा

पत्त्यांच्या कॅटाएवढा डिजिटल कॅमेरा रोजच्या वापराला कसा, हे ठरवायला प्रयोगशाळा कशाला? जुलैतला रविवार आणि लोणावळा पुरे.

पहिली परीक्षा टायगर पॉइंटवर. जिथे शेजारचा भजीवाला दिसत नाही, तिथे दरी कुठली दिसायला! फ्लॅश मारला की हवेतले थेंबच तेवढे उजळतात आणि फोटोत दरीऐवजी पांढरे लाडू येतात. कॅमेऱ्यात बर्फासाठी मोड असतो, फटाक्यांसाठी असतो, एखाद्यात मांजरासाठीही असतो. मावळच्या धुक्याची मात्र जपानमध्ये कुणी दखल घेतलेली दिसत नाही. गंमत म्हणजे इथे चालतो तो बर्फाचाच मोड. एवढं पांढरं बघून कॅमेरा बिचकतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. हा मोड त्याला जरा धीर देतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात तर बिचाऱ्याची कीवच येते. लेण्याची लांबी सुमारे १२४ फूट, फ्लॅशची धाव दहा-बारा फूट आणि सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. दोन हजार वर्षं मुरलेला अंधार असल्या ठिणगीला भीक घालत नाही.

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गडी शहाणा ठरला: भिजायच्या भीतीने खिशाबाहेरच आला नाही.

परतताना घाटात गाडी दीड तास उभी. उजेड बेताचा, पण हात स्थिर आणि समोरचा ट्रक त्याहून स्थिर. तो फोटो काय सुरेख आलाय! ‘हॉर्न ओके प्लीज’चं अक्षर न् अक्षर वाचता येतं.