विंडरमिअर म्हणजे आपलं पानशेत

आमच्या ह्यांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. सकाळी पेपर आला की आधी धरणांचा साठा, मग निधनवार्ता, मग वेळ उरला तर राजकारण. मँचेस्टरला लेकीकडे उतरलो, जावयाने पाण्याचा ग्लास पुढे केला, ह्यांनी एक घोट घेतला, ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "कुठलं धरण?"

जावई आयटीतला. त्याला वाटलं बाबांना पाणी आवडलं नाही. तो बिचारा बाटलीबंद पाणी आणायला धावला. इकडे ह्यांनी लेकीच्या लॅपटॉपवर शोध घेतला. सकाळी मी चहा करायला उठले, तर हे ताजेतवाने बसलेले. "अगं, ऐक. थर्लमिअर! इथून १५४ किलोमीटर. १८९४ पासून येतंय. आणि एकही पंप नाही! मैलाला वीस इंच उतार, बस्स. पाणी आपलं आपण चालत येतं, दिवसभराहून थोडा जास्त वेळ लागतो." लग्नाच्या वाढदिवसालाही हा चेहरा एवढा फुललेला मी पाहिलेला नाही.

थर्लमिअर लेक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, आणि लेक डिस्ट्रिक्ट वर्ड्‌स्वर्थचं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. डॅफोडिल्सची ती कविता मी अख्ख्या नोकरीभर शिकवली, तीही कऱ्हाडात, जिथे मुलांनी सोडाच, मीसुद्धा ते फूल कधी पाहिलेलं नव्हतं. फळ्यावर मी जे काढायचे ते जास्वंदीच्या जवळपास जायचं. तेव्हा ह्यांना धरण, मला कवी, आणि लेकीला आठवडाभर मोकळं घर, असा तिहेरी फायदा बघून तिने आम्हाला कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन दिली. भारतातलं लायसन्स तिथे वर्षभर चालतं, गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून जातात. "अवघड काय आहे?" हे म्हणाले. "जीप चालवलीय मी कालव्याच्या भरावावरून."

व्हॅन म्हणजे आतून वन रूम किचन. पलंगाची घडी केली की डायनिंग टेबल, टेबलाची घडी केली की पलंग, आणि संडास-बाथरूम एकाच कपाटात. कपाटच ते, खोली म्हणवत नाही. आत जाऊन दार लावायचं तर आधी श्वास सोडावा लागतो. ताब्यात देणाऱ्या मुलाने सगळं समजावून सांगितलं: हा गॅस, ही वीज, ही मळाची पेटी, ती भरली की ओढून काढायची आणि कॅम्पवर ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, मग आत हे निळं औषध टाकायचं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पाण्याच्या टाकीकडे बघितलं.

"कपॅसिटी?"

सत्तर लिटर. ह्यांनी खिशातून डायरी काढली. पंपाचं तोंड तळापासून किती वर आहे ते विचारलं. त्या मुलाला आजवर हे कुणी विचारलं नसावं. त्याने खांदे उडवले, तर ह्यांनी वाकून, बॅटरी मारून, बोटाने मोजून, निष्कर्ष काढला: उपयुक्त साठा ६२ लिटर, मृत साठा ८. आणि माझ्याकडे वळून, खात्यात असताना कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "पाणी जपून वापरावं लागेल."

इंग्लंडमधल्या सगळ्यात ओल्या मुलखाकडे निघालो होतो आम्ही.

हमरस्ता सोडून केंडलच्या पुढे गेलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे लागतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आपल्या कोकणात असतात तसेच, पण हे गडगे डोंगराच्या माथ्यापर्यंत सरळ चढून जातात. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं. तिथे हे न बोलता ठरतं. आमच्याकडे बोलून ठरायचं. मी खाली उतरायचे, व्हॅनच्या मागे उभी राहायचे, आणि एसटी स्टँडवर कंडक्टर करतात तसं, पत्र्यावर थाप मारत, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बा‍‍ऽऽस!" पहिल्यांदा हे केलं तेव्हा समोरच्या गाडीतल्या आजीबाई घाबरून स्वतःच पाव मैल मागे गेल्या. त्यानंतर आमची मागे जायची वेळ फारशी आली नाही.

विंडरमिअर आलं. इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं सरोवर, सतरा किलोमीटर लांब, निळंशार, वर पांढऱ्या बोटी, काठावर हंस, आइस्क्रीमच्या रांगा. माझ्या तोंडून "अहाहा" निघालं. ह्यांनी डायरीत भागाकार केला.

"अकरा टीएमसी."

"म्हणजे?"

"म्हणजे आपलं पानशेत."

खरंच तेवढंच आहे ते, मी नंतर पडताळून पाहिलं. इंग्रजांनी ज्याच्यावर एवढी काव्यं लिहिली, ज्याच्यासाठी १८४७ साली रेल्वे आणली, त्यात मावतं तेवढं पाणी आपण पानशेतला अडवतो आणि पुण्याचे लोक त्यात गाड्या धुतात. कोयना तर १०५ टीएमसी. हे त्या काठावर उभे राहून कोयनेला विंडरमिअरने भागत होते, आणि मी त्यांना हंसांपासून लांब ओढत होते, कारण हंस चावतात असं लेकीने बजावलं होतं.

त्या रेल्वेचीही गंमत आहे. वर्ड्‌स्वर्थने तिला कडाडून विरोध केला. झुंडी येतील, शांतता जाईल. आणि ह्याच गृहस्थाने आधी या प्रदेशाचं गाइड लिहून आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढल्या होत्या! वर्णन करून लोकांना बोलवायचं आणि आले की दाराला कडी. सदाशिव पेठेत त्याचा निभाव उत्तम लागला असता.

ग्रासमिअरला मी डव्ह कॉटेज बघितलं. खोल्या बुटक्या, काळोख्या. वर्ड्‌स्वर्थ तिथे १७९९ ते १८०८ राहिला. ह्यांना काही रस नव्हता, पण कवीने १८१३ मध्ये मुद्रांक खात्यात सरकारी नोकरी धरली हे मी सांगितल्यावर हे एकदम सावरून बसले. "कुठल्या?" वेस्टमोरलंडचा मुद्रांक वितरक. १८४२ मध्ये ती जागा मुलाच्या हाती दिली आणि स्वतःला वर्षाला ३०० पौंडांची पेन्शन लावून घेतली. "वा!" हे म्हणाले. चर्चच्या आवारातल्या थडग्यापुढे मग ह्यांनी चक्क हात जोडले. कवीला नव्हे, पेन्शनर बंधूला.

डॅफोडिल्स मात्र नव्हतीच. ती फुलतात मार्च-एप्रिलमध्ये; आम्ही गेलो जुलैत. अल्सवॉटरच्या काठी, जिथे १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याला ती दिसली, तिथे आता नेचे, मेंढ्या आणि गाड्या लावायला पैसे टाकायचं यंत्र. "हंगाम चुकला तुझा," हे म्हणाले. चुकेना का. मला तिथे दुसरंच काहीतरी आठवत होतं. कवितेत हा बाबा एकटाच भटकत असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याची बहीण डोरोथी बरोबर होती, आणि त्या फुलांचं सविस्तर वर्णन आधी तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. कविता झाली त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी बायकोच्या, हे त्यानेच कबूल केलंय. दोन बायका राबल्या आणि हा म्हणे एकटा! वर्गात हे सांगायचं राहून गेलं. नाहीतर निदान मुलींना तरी कविता आवडली असती.

आता पाणी.

कॅम्पवर नळ असतो, पण शेताच्या त्या टोकाला. तिथून कॅनने पाणी आणून टाकी भरायची. दहा लिटरचा कॅन, ह्यांची कंबर आणि तो चढ यांचा विचार करून ह्यांनी आवर्तन जाहीर केलं. डायरीत तक्ताच आखला. पिण्याला प्राधान्य, मग स्वयंपाक, मग आंघोळ. आणि आंघोळीत लाभक्षेत्राच्या शीर्षाकडून टेलकडे. शीर्षाला कोण, हे सांगायला नको. मी टेलची शेतकरी.

टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. केझिकच्या पुढे, बॉरोडेलच्या खोऱ्यात उतरलो होतो. पलीकडेच सीथवेट म्हणून वाडी आहे, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इंग्लंडमधलं सगळ्यात पावसाळी गाव. (ह्यांनी लगेच महाबळेश्वरचा आकडा काढला आणि "बरा आहे" असा शेरा मारला.) हे आधी आंघोळीला गेले. आतून अभंग ऐकू आला. अभंग लांबला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग मी गेले, केस भिजवले, भरपूर शांपू लावला, फेस केला, आणि नळाने दोन गुळण्या टाकून प्राण सोडला. पंप नुसता घरघरतोय.

"अहो! पाणी!"

बाहेरून शांत आवाज आला. "आवर्तन संपलं."

"माझ्या डोळ्यांत साबण गेलाय!"

"आठ लिटर आहे गं आत, पण तो मृत साठा. उचलता येत नाही."

छपरावर पाऊस ताडताड वाजत होता. मी गाऊनवर ह्यांचा रेनकोट चढवला, दार उघडलं आणि गवतात जाऊन उभी राहिले. स्वच्छ, गार, फुकट पाणी. फेस गळ्यावरून ओघळून गवतात चालला होता. शेजारच्या व्हॅनच्या छत्रीखाली एक ब्रिटिश जोडपं घडीच्या खुर्च्यांत बसून, हातात चहाचे मग घेऊन पावसाकडे बघत होतं. तिथले लोक पाऊस आला म्हणून आत जात नाहीत. बाईंनी मला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मान हलवली आणि म्हणाल्या, आजची संध्याकाळ छान आहे, नाही? मी म्हटलं, फारच. कुंपणापलीकडे हर्डविक मेंढ्या रवंथ करत उभ्या होत्या. या मेंढ्या जन्मतात काळ्या आणि वय वाढेल तशा करड्या होत जातात. माझ्या केसांना पाहून त्यांना आपलेपणा वाटला असावा.

थर्लमिअरला ह्यांचं तीर्थाटन झालं. भिंतीवरून चालले, सांडवा पाहिला, झिरपा शोधला, सापडला नाही, खट्टू झाले. हे सरोवर वाढवायला मँचेस्टरने १८७९ मध्ये कायदा करून घेतला तेव्हा रस्किनसारखी माणसं विरोधात होती. निसर्ग बिघडेल म्हणून. "दरवेळी असंच," हे म्हणाले. "लेखकांना पाणी लागत नाही का?"

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलले ते हॉजवॉटरला.

ते परतीच्या वाटेवर, पूर्वेकडच्या कोपऱ्यात. तेही मँचेस्टरसाठीच वाढवलेलं. त्यासाठी मार्डेल नावाचं गाव १९३५ च्या सुमाराला बुडवलं. पडीक घरं सैन्याने सुरुंग लावायच्या सरावाला वापरली. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावातला दगडी पूल आणि गडगे वर येतात आणि लोक गाड्या घेऊन बघायला धावतात. उजनीतलं पळसनाथाचं देऊळ वर आलं की आपण धावतो तसे. आम्ही गेलो तेव्हा धरण तुडुंब. ह्यांना आनंद.

आता माझं आजोळ कोयनेच्या शिवसागरात आहे. आहे म्हणजे तळाशी. आमचं लग्न म्हणजे पाटबंधारे खातं आणि धरणग्रस्त यांच्यातला तह. बोलणी करायला आलेल्या माझ्या मामांनी ह्यांच्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगा काय करतो ते कळलं, पण जमीन कधी देतो?" म्हणून मी ह्यांना काठावरचा फलक वाचून दाखवावा तसं, मला आधीच ठाऊक असलेलं सांगितलं. इथलं चर्च पाडण्याआधी त्यांनी आवारातली ९७ प्रेतं उकरून काढली आणि शापच्या दफनभूमीत रीतसर नेऊन पुरली.

"अहो, इथे मेलेल्यांचंसुद्धा पुनर्वसन झालं. कोयनेची जिवंत माणसं अजून मोर्चे काढतायत."

ह्यांनी पाण्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, परमुलखात, कुणीही विचारलं नसताना उत्तर दिलं, "पुनर्वसन महसूल खात्याकडे येतं."

त्यावर मी टाकीची चावी काढून घेतली. भरायच्या झाकणाला कुलूप असतं, आणि पंपाचं बटण माझ्या बाजूच्या पलंगाशेजारी होतं. हे लक्षात यायला मला एवढा प्रवास लागला, याचं मलाच नवल वाटलं. त्या संध्याकाळी कॅम्पवर मी नळापाशी गेले, शेजारच्या एका तरुण पोराने न सांगता कॅन उचलून दिले, टाकी काठोकाठ भरली, आणि मी पहिल्यांदा आंघोळ केली. सावकाश. अभंग मलाही येतात.

बाहेर आले तर हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे.

"आता सोडतेस ना पाणी?"

"मागणी अर्ज?"

"काय?"

"नमुना नंबर सात. तुम्हीच ना म्हणायचात शेतकऱ्यांना, अर्ज आल्याशिवाय पाणी नाही?"

हे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग व्हॅनमध्ये गेले, कॅम्पच्या पावतीची मागची कोरी बाजू काढली आणि टेबलावर, म्हणजे अर्ध्या पलंगावर, व्यवस्थित समास सोडून अर्ज लिहिला. अर्जदाराचे नाव, क्षेत्र, हंगाम: उन्हाळी, पिकाचे नाव: पाठ. खाली तारीख, सही. अक्षर अजून तसंच, फाइलमधल्यासारखं उभं.

मी वाचला. थकबाकीचा रकाना कोरा होता. तिथे मी "मळाची पेटी, तीन दिवस" असं भरलं, आणि त्याखाली शेरा मारला: थकबाकी भरून आल्यावर विचार करण्यात येईल.

हे पेटी घेऊन निघाले. मी खिडकी उघडून, पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"जाऊ द्या... जाऊ द्या..."