सेटकाका

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे सेटकाका म्हणतात. शेठ नव्हे, सेट. नळाला पाणी कमी येतंय, पोराला अकरावीला प्रवेश हवाय, कोकणकन्येचं तिकीट वेटिंगवर आहे; तुम्ही वाक्य सुरू करायचा अवकाश, काका उजवा पंजा हवेत आडवा फिरवतात आणि म्हणतात, "सेट करतो."

कुणाशी, कसं, कधी, हे विचारायचं नसतं. फारच लावून धरलं तर "आपला माणूस बसलाय तिथे" एवढा तपशील मिळतो. हा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. शिवाय तो नेहमी बसलेलाच असतो, त्यामुळे उठून काही करेल ही अपेक्षाही चूक. चार्ट लागून तिकीट कन्फर्म झालं की लगेच काकांचा फोन येतो, "झालं ना सेट?" नाही झालं तर आपल्या माणसाची नेमकी परवाच बदली झालेली असते.

मी मात्र यात काकांपेक्षा शब्दालाच जास्त दोष देतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तीत सगळ्यांत लांबलचक नोंद या एवढ्याशा क्रियापदाची होती: अर्थ ४३०, मजकूर ६० हजार शब्दांचा. पुढे 'रन'ने ६४५ अर्थ जमवून त्याला मागे टाकलं म्हणे. टाको. आपल्याकडे रनला क्रिकेटबाहेर विचारतो कोण?

ऑक्सफर्डकरांनी आमच्या जिन्यात आठवडा काढला असता तर त्यांना एकविसावा खंड काढावा लागला असता. इथे डिनर सेट आहे, मोत्यांचा सेट आहे, उडप्याकडचा सेट डोसा आहे. फ्रीजमध्ये पुडिंग सेट होतं, पार्लरमध्ये केस. 'मुलगा सेट झाला' हा तर आपला घरचा माल. मूळ 'सेटल'मधला ल वाटेत कुठे गळाला कुणास ठाऊक. पण नोकरी, टू बीएचके आणि बायको, या क्रमाने सगळं जमलं की मुलगा सेट. पूर्वी 'मार्गी लागला' म्हणायचे. मार्गी लागलेल्याला निदान चालावं तरी लागायचं. आणि सेटिंग? कॉलेजच्या कट्ट्यावर ते प्रेमप्रकरण, सरकारी खिडकीपाशी पाकीट आणि मोबाइलमध्ये दातेरी चाक. तिन्हींत शिरणं सोपं, बाहेर कसं पडायचं ते सापडत नाही. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधल्या लखोबा लोखंडेला सोंगं बदलायला फिरता रंगमंच लागायचा. या शब्दाला तोही लागत नाही.

काका या शब्दावर जगतात, आणि कधीमधी त्यात अडकतातही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांना जिन्यात म्हणाल्या, "आमची पोरगी यंदा सेटला बसतेय." पंजा आडवा फिरला. "मुलगा आहे माझ्या बघण्यात. पुण्यात सेट आहे." मराठीत एम. ए. केलेली पोरगी मागेच उभी होती. ती म्हणाली, "काका, सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी." काका क्षणभरच अडखळले.

"गोव्यासाठी? मग प्रश्नच नाही. गोव्यात आपला माणूस बसलाय."

गच्ची गळायला लागली तेव्हा मात्र गाठ सिमेंटशी पडली. साध्या पोर्टलंड सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत घट्ट व्हायला लागायचं नाही आणि १० तासांच्या आत पुरतं सेट व्हायचं, असं भारतीय मानकच आहे. कंत्राटदाराने बजावलं होतं, "सेट होईस्तोवर वर कुणी चढू नका." काका तासाभराने पाहणीला गेले. त्यांच्या नऊ नंबरी चपलेचा ठसा अजून टाकीशेजारी आहे. सोसायटीत काकांनी स्वतः सेट केलेली ती एकमेव गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात जिन्यात पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. मीच त्यांना रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर तेविसावा होता. "काका, इथे आपला माणूस?" असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "हाड जागेवर सेट करून प्लास्टर घालू. सहा आठवडे हात हलवायचा नाही."

काकांनी सवयीने पंजा उचलायला घेतला आणि कळवळून खाली ठेवला. डॉक्टर हात धुवायला आत गेले तसे ते माझ्या कानाशी आले.

"अरे, तुझी ओळख आहे का रे इथे कुणाशी? चार आठवड्यांत सेट होतं का, बघ ना."