लॅपटॉप आला का हो?

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीवर ज्यांचं पोट आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. महावितरणची माणसं खांबावर चढतात, आमच्यासारख्या कंपन्यांना सुट्टी असते, आणि निगडी प्राधिकरणातल्या आमच्या ओळीत मिक्सर बंद, टीव्ही बंद, बायका कुंपणाशी. (प्राधिकरण १९७२ सालचं. २०२१ मध्ये ते पीएमआरडीएत विलीन झालं, पण आमच्या पत्त्यातून काही गेलं नाही, आणि आम्ही जाऊही देणार नाही.)

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून वाटी पुढे केली. मटकीची उसळ. काकूंना मनातलं काही बोलायचं असलं की आधी वाटी येते.

"आला का हो लॅपटॉप?" मीच विचारून टाकलं.

"सुतक दहा दिवसांत फिटतं गं. हिचा आज एकविसावा दिवस."

काकूंची सून चाकणला एका मोठ्या कंपनीत लागली आहे. गाडीचे भाग डिझाइन करते. आधीच्या नोकरीत तीन महिन्यांचा नोटीस पिरियड भरून गेली. म्हणजे ती कोणत्या तारखेला दारात उभी राहणार, हे नव्या कंपनीला नव्वद दिवस आधी ठाऊक होतं. "नव्वद दिवसांत आम्ही तिचं लग्न उरकलं होतं," काकू म्हणाल्या, "हॉल, मानपान, रुखवत, सगळं. आणि त्या रुखवतात मिक्सर ठेवायला विसरलो नव्हतो."

पहिल्या दिवशी पोरगी पावणेसातला भक्ती-शक्ती चौकात कंपनीच्या बसमध्ये बसली. तळवड्याच्या चौकात नेहमीची कोंडी, मग महाळुंगे, मग गेट. गेटवर सिक्युरिटीनं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला आणि हातात व्हिजिटरचा पास दिला. ओळखपत्र अजून छापलेलं नव्हतं. व्हिजिटर म्हटल्यावर आतल्या कोणीतरी गेटवर येऊन न्यायला हवं. ते न्यायला येणारे साहेब मीटिंगमध्ये. सव्वानऊपर्यंत ती झाडाखालच्या बाकावर, शेजारी पाण्याचे जार देणारा टेंपोवाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टेंपोवाल्यानं विचारलं म्हणे, "मॅडम, तुमचं पण बिल अडकलंय का?"

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"आणि ते तिकिटाचं काय असतं गं? ही रोज सांगते, तिकीट टाकलंय, तिकीट टाकलंय. मी म्हटलं, कंपनीची बस आहे ना, मग तिकीट कशाला?"

काकूंना समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. लॅपटॉप हवा असेल तर आयटीकडे तक्रार नोंदवायची, तिला तिकीट म्हणतात. तिकीट कंपनीच्या पोर्टलवरून टाकायचं. पोर्टल उघडायला लॉगिन हवं. लॉगिन सुरू करायची लिंक येते कंपनीच्या मेलवर. आणि मेल उघडायला हवा लॅपटॉप.

"म्हणजे विहिरीत पडलेल्यानं वर येऊन दोर मागायचा," काकू म्हणाल्या.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मुलानं स्वतःच्या नावानं तिच्यासाठी तिकीट टाकलं. नियमाप्रमाणे लॅपटॉप त्याच्याच नावावर मंजूर झाला, आणि 'तुमच्याकडे आधीच एक आहे' म्हणून तिकीट बंदही झालं.

इकडे घरात वेगळंच नाटक. काकूंच्या धाकट्या जावेनं फोनवर विचारलं, "रोज जाते, मग करते काय?" काय सांगणार? पहिल्या आठवड्यात तिनं सुरक्षेची पुस्तिका तीनदा वाचली. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरचे फाइव्ह एस आणि तत्सम जपानी शिस्तीचे फलक पाठ झाले. तिसऱ्यात साहेबांनी सांगितलं, नवीन आलेल्यांनी पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन करा, इथं काय शिकलात त्यावर. तिनं ते घरी दिराच्या लॅपटॉपवर केलं. पण पेनड्राइव्ह गेटच्या आत नेता येत नाही, खासगी मेल आत उघडत नाही. मग निगडीच्या झेरॉक्सच्या दुकानातून अकरा रंगीत पानं काढून नेली आणि बालवाडीच्या बाईंसारखी एकेक पान छातीशी धरून दाखवली. टाळ्या पडल्या म्हणे. एका मॅनेजरांना वाटलं, कागदावर मांडायची जपानी पद्धत मुद्दाम निवडली असावी.

"पण मध्ये आला होता ना एक?" मी विचारलं.

"आला होता की, त्या प्रेझेंटेशननंतर. पण तो लॅपटॉप नव्हे गं, लॅपटॉपचं श्राद्ध."

तो तात्पुरता म्हणून दिला होता. कोणीतरी नोकरी सोडताना परत केलेला. झाकणावर कुठल्याशा ट्रेकिंग ग्रुपचा अर्धा खरवडलेला स्टिकर. स्पेसबारखाली बिस्किटाचा चुरा, दाबला की कुरकुर आवाज. चार्जर काढला की वीस मिनिटांत मान टाकायचा. उघडल्यावर पडद्यावर एका अनोळखी बाळाचा पहिला वाढदिवस: डोक्यावर टोपी, समोर केक, मागे आजी. तो फोटो बदलायचा अधिकार आयटीच्या अ‍ॅडमिनकडे. सूनबाई रोज सकाळी त्या बाळाला बघून कामाला लागायची. म्हणजे लागायचा प्रयत्न करायची, कारण तिचं सगळं काम कॅटियामध्ये. गाडीच्या भागांची त्रिमितीय डिझाइनं ज्यात करतात ते सॉफ्टवेअर. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मेमरी लागते. त्या म्हाताऱ्यावर ते उघडायला घेतलं की पंखा असा घोंगावायचा की बाजूचे लोक वळून बघायचे. आणि मग सगळं गप्प.

"मला आधी वाटलं, कॅटिया म्हणजे कोणी ख्रिश्चन मैत्रीण आहे," काकू म्हणाल्या. "रोज घरी येऊन म्हणायची, कॅटिया उघडत नाही, कॅटिया बसली."

यावर मी आयटीवाल्यांना दोन-चार शब्द सुनावले असते, पण जीभ आवरली. कारण काकूंना माहीत नाही, मी भोसरीच्या आमच्या कंपनीत खरेदी खात्यात आहे. म्हणजे नोकरी करते एवढं त्यांना माहीत आहे. पण लॅपटॉप जिथं अडतो त्या खुर्चीवर मीच बसते, हे नाही. म्हटलं, आज सांगूनच टाकावं.

"काकू, आमच्याकडचं ऐका. नव्या अकाउंटंटसाठी लॅपटॉप मागवला. आधी मागणीपत्र. मग तीन कोटेशनं. मग तिन्हींचा तुलनातक्ता. मग साहेबांची सही, मग वरच्या साहेबांची. साहेब म्हणाले, जुना आहे ना एक, तो द्या. अकाउंट्सवाले म्हणाले, तो आमच्या हिशेबात संपला."

हे मात्र खरं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलंय, सर्व्हरचं ६. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे वहीत तो केव्हाच वारलेला असतो, टेबलावर मात्र त्याच्याकडून काम करून घेतात. त्यात मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरांना ते घेतच नाही. धडधाकट दिसणारी मशिनंही एका फटक्यात बाद.

"मग आला का नवा?" काकूंनी विचारलं.

"आला. सही-शिक्क्यासह स्टोअर्सला आला. आणि तिथं आठ दिवस बसला."

त्याचं असं झालं. आमच्याकडे बाहेरून आलेला माल आधी तपासणीला जातो. तपासणी व्हायची असेल तर पिवळा टॅग, पास झाला की हिरवा, नापास झाला की लाल. सिस्टिममध्ये लॅपटॉपचा आयटम कोड उघडताना कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मी) चुकून त्याला बेअरिंग आणि बोल्टांच्या गटात टाकलं. त्या गटातला माल क्वालिटीच्या शिक्क्याशिवाय कोणाला देता येत नाही. स्टोअर्सवाल्यानं इमानदारीनं पिवळा टॅग लावला आणि खोका बेअरिंगच्या पेट्यांच्या रांगेत ठेवला. क्वालिटीचा मुलगा सहाव्या दिवशी आला. खोका उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?"

काकू इतक्या हसल्या की मागून नाना आले.

नाना म्हणजे काकूंचे यजमान. १९७४ साली साताऱ्याकडून आले आणि इथल्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. तेव्हा पिंपरीत १९५४ सालचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होता, १९६२ नंतरची एमआयडीसी वाढत होती, आणि निगडी म्हणजे माळरान, असं ते सांगतात. नानांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. तिकिटापाशी त्यांनी हात वर केला.

"आमच्या वेळी तिकीट टाकायचं नसायचं. तिकीट म्हणजे आम्ही. तिकीट नंबर सांगितला की माणूस कळायचा. मला माझा अजून पाठ आहे." आणि त्यांनी म्हणून दाखवला, कोणी न विचारता.

मग म्हणाले, "पहिल्या दिवशी सकाळी सातला गेटवर. बूट मिळाले, दोन नंबर मोठे. खाकी कापड मिळालं, शिवून घ्यायचं आपलं आपण. आणि पितळेची दहा टोकनं."

"टोकनं कशाला?"

"टूल क्रिबमधून हत्यार घ्यायचं तर एक टोकन द्यायचं. तिथला माणूस हत्याराच्या जागी खिळ्यावर ते अडकवायचा. मायक्रोमीटर कोणाकडे आहे, खिळ्याकडे बघ. संध्याकाळी हत्यार परत, टोकन परत. सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या हातात व्हर्निअर होता. वीस मिनिटं, बाई. नोंद ठेवायला ना कागद, ना सही."

नाना जरा वाढवून सांगतात, हे ओळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या व्हर्निअरला पासवर्ड नव्हता, त्यातून कोणी कंपनीची डिझाइनं चोरून नेणार नव्हतं, हेही खरं. पण एक गोष्ट ते बोलले ती मला खरेदी खात्यातली म्हणून लागली.

"चाकणला सीट येतात ना गाड्यांच्या? कशा येतात?"

मी सांगितलं. लाइनवर लाल गाडी, मग पांढरी, मग पांढरी, असा क्रम असेल तर सीटही त्याच क्रमानं ट्रकमध्ये भरून येतात. साठा ठेवायचा नाही, वेळेवर हजर करायचं. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी हे जपानात बसवलं, आता आमच्या भोसरीतल्या वर्कशॉपांनाही तोंडपाठ आहे. ट्रक मोशीला अडकला तरी तीन माणसांचे फोन सुरू होतात. लाइन थांबली की दिवा लागतो, भोंगा वाजतो, प्लांट हेड जागचा उठतो.

"आणि माणूस थांबला की?" नाना म्हणाले.

माणूस थांबला की चहा येतो. ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, त्यात नुसतं ताटकळणं हाही एक आहे. सूनबाईंनी पाठ केलेल्या फलकांत तोही होता. ज्या खुर्चीवर बसून ती काही न करता वाट बघत होती, तिच्या बरोबर समोर.

आता कोणी म्हणेल, आयटीवाले आळशी असतात. मी नाही म्हणणार. आमच्याकडे येणारा पोरगा एका ठेकेदाराच्या पगारावर आहे. सकाळी भोसरी, दुपारी चाकण, कधी संध्याकाळी रांजणगाव, मोटारसायकलवर पाठीला बॅग लावून. नवीन माणूस येतोय हे त्याला एचआर कळवतं तो माणूस येऊन बसल्यावर. एचआरला विचारलं तर म्हणतात, उमेदवार येईल की नाही याचीच खात्री नसते, आदल्या रात्री दुसरीकडून जास्तीची ऑफर घेऊन गायब होतात. मग आधी लॅपटॉप कोणासाठी घ्यायचा? यात तथ्य आहे. मी स्वतः एक लॅपटॉप अशाच न आलेल्या माणसासाठी घेतला होता. तो सध्या कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टरला जोडलेला आहे.

पण मग मार्च २०२० आठवतो. लॉकडाऊन लागायच्या तोंडावर समोरच्या ओळीतल्या मुलीच्या दारात टेंपो आला. हिंजवडीच्या कंपनीनं तिचा डेस्कटॉप घरपोच पाठवला होता. मॉनिटर गोधडीत गुंडाळलेला, सीपीयूवर तिच्या नावाची चिठ्ठी, सोबत केबल आणि नेटचं डोंगल. दोन दिवसांत. कोटेशन नाही, तुलनातक्ता नाही.

"म्हणजे जमतं," काकू म्हणाल्या.

"जमतं की."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. सूनच. काकूंनी स्पीकरवर टाकला. आला म्हणे नवीन. भक्कम आहे, ग्राफिक्स कार्डवाला, कॅटिया पळतं. काकूंनी तिथंच हात जोडले. मग पलीकडून आवाज आला, "पण आई, चार्जर त्याच्या खोक्यात नाहीये. त्याचं वेगळं मागणीपत्र लागेल म्हणतात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जास्वंदीकडे पाहिलं.

आमच्याकडे पडद्याचा रॉड सहा महिने भिंतीला टेकून उभा आहे. आज सुट्टी आहे तर लावून टाकावा म्हणून मी नानांना विचारलं, ड्रिल मिळेल का, वीज आली की लगेच परत देते. नाना आत गेले, जुनी निळी पेटी घेऊन आले, ड्रिल भिंतीवर ठेवलं. वर एक हात ठेवूनच.

"टोकन?"

मी इकडेतिकडे बघितलं. उसळ संपली होती. वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली, तेव्हा त्यांनी हात उचलला.