वर्गातला लॅपटॉप : पोंभुर्णा तालुक्यापुरते विवेचन

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्गात लॅपटॉप आणावा की नाही, या प्रश्नात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. विद्यार्थ्याकडे लॅपटॉप आहे, विद्यार्थी वर्गात आहे, आणि लॅपटॉपमुळे बिघडावे असे काहीतरी वर्गात चालू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या परिसरात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळे निघाले. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणारा बराचसा विद्यार्थी खेड्यातून एसटीने येतो. एसटी येईल तेव्हा पहिला तास सुरू झाला असे मानण्याची पद्धत आहे. वेळापत्रक सूचनाफलकावर असते.

या विषयावरचे संशोधन परदेशात झाले, कारण लॅपटॉप तिकडे होते. म्यूलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी 2014 मध्ये असे दाखवले की, लॅपटॉपवर टिपणे काढणारा विद्यार्थी प्राध्यापकाचे वाक्य जसेच्या तसे टाइप करतो. पेनवाल्याला तेवढा वेग नसतो, म्हणून त्याला ऐकलेले समजून घेऊन थोडक्यात लिहावे लागते. परिणामी संकल्पनेवरच्या प्रश्नांत तो वरचढ ठरतो. पुढे इतरांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. वेस्ट पॉइंट या अमेरिकी सैनिकी अकादमीत अर्थशास्त्राच्या वर्गांची विभागणी करून पाहिली गेली आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या वर्गांत संगणकाला मुभा होती, तिथले परीक्षेचे गुण घसरले. टॅबलेट टेबलावर आडवा, प्राध्यापकाला दिसेल असा ठेवायची अट घातली, तरी घसरण थांबली नाही. बूट चमकवून बसणाऱ्या कॅडेटांची ही अवस्था.

म्यूलर-ओपनहायमर यांचा निष्कर्ष इकडे लागू करताना मात्र एक अडचण येते. प्राध्यापकाचे वाक्य डोक्याला स्पर्श न होऊ देता कागदावर उतरवण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला यंत्र लागले. इकडे ते काम पाच-दहा रुपयांच्या पेनाने पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. या पद्धतीला ‘नोट्स देणे’ म्हणतात. तास ‘लिहून घ्या’ या दोन शब्दांनी सुरू होतो. त्यानंतर प्राध्यापक मजकूर सांगतात आणि सोबत विरामचिन्हेही सांगतात : स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह पूर्ण, मुद्दा क्रमांक चार, खाली रेघ मारा. मजकूर ज्या कागदांवर असतो ते कडेने पिवळे पडलेले असतात आणि त्यांतला काही भाग प्राध्यापकांनी स्वतः विद्यार्थी असताना लिहून घेतलेला असतो. लाइन आली की पंखा फिरतो आणि कागद उडू लागतात. म्हणून त्यांवर डस्टर ठेवतात. मधूनच मागच्या बाकावरून शंका येते : ‘सर, तथापिच्या पुढं काय म्हटलं?’ तासाभरात विचारली गेलेली ही एकमेव शंका असते आणि तिचे निरसन पूर्णपणे होते.

हेच टिपण ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या वहीतून झेरॉक्सच्या दुकानात आधीच पोचलेले असते आणि गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ होऊन फिरते. ते उतरवण्यासाठी वर्गात बसण्याचे कारण हजेरी हे आहे. तेव्हा लॅपटॉपमुळे विद्यार्थ्याचे लक्ष विचलित होते की नाही, हे ठरवण्याआधी ते आधी कुठे होते याचा शोध घ्यावा लागेल. त्यासाठी अजून समिती नेमलेली नाही.

आता यंत्राकडे. साधा नवा लॅपटॉप पस्तीस हजारांच्या आसपास पडतो. तालुका धानाचा. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता; म्हणजे एका लॅपटॉपला पंधरा क्विंटल धान. खते, रोवणीची मजुरी आणि ट्रॅक्टरचे भाडे वजा जाता लॅपटॉपपुरते धान उरलेच, तर त्यावर घरातल्या इतरांचा हक्क आधी लागतो. ज्या घरात तो येतो, तिथे तो रोज बसमध्ये नेण्याची वस्तू राहत नाही. कपाटात ठेवतात.

विजेचा भाग त्या मानाने थोडक्यात आटोपतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता 2920 मेगावॅट आहे. त्याची राख जिल्ह्याला मिळते आणि वीज राज्याला. वर्गात प्लग एकच असतो, प्राध्यापकांच्या टेबलाजवळ, प्रोजेक्टरसाठी राखलेला. प्रोजेक्टर महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येते त्या आठवड्यात चालतो.

टंकलेखनाची बाजू परदेशी संशोधकांना सुचण्याचे कारण नव्हते. कला शाखेचा विद्यार्थी मराठीत लिहितो आणि लॅपटॉपवर कळा इंग्रजीच्या असतात. शासकीय टंकलेखन परीक्षेचा कळफलक एक, डीटीपीवाल्याच्या श्रीलिपीचा दुसरा, मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची रीत तिसरी. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द पूर्ण होईपर्यंत प्राध्यापक मुद्दा क्रमांक सहावर गेलेले असतात. मराठी टाइप करणारा विद्यार्थी पेनवाल्यापेक्षा हळू लिहितो, म्हणून अमेरिकी तर्काने त्याला समजून घेऊन थोडक्यात लिहिणे भाग पडावे आणि तोच हुशार निघावा. या दृष्टीने लॅपटॉप सक्तीचा करण्यास वाव आहे.

प्रत्यक्ष वर्गात असते ते यंत्र मोबाइल. 2020 च्या टाळेबंदीत तोच वर्ग होता आणि रेंज मिळवण्यासाठी तो घेऊन मुले गावाबाहेरच्या उंचवट्यावर जाऊन बसत होती. टाळेबंदी उठल्यावर तो शिस्तभंगाचा विषय झाला. कॅनडातल्या संशोधकांनी 2013 मध्ये असे नोंदवले की, शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर भलतेच काही चाललेले ज्यांना दिसत होते, त्यांचे गुण 17 टक्क्यांनी कमी आले. मोबाइलचा पडदा लहान असल्याने शेजाऱ्याचे असे नुकसान होऊ नये, अशी अपेक्षा होती. पण तिघांच्या बाकावर एकाने रील लावली की उरलेले दोघे सरकून जवळ येतात. बाकाची एकजूट मोजण्याची सोय त्या प्रयोगात नव्हती.

शासनाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला आहे : यंत्र द्यायचे, वर्गाचे नंतर पाहू. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ ही निकोलस नेग्रोपाँटे यांची योजना केंद्राच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये नाकारली. पुढच्याच वर्षी ती कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत येऊन पोचली. 2011 च्या ऑक्टोबरात तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी आकाश टॅबलेट जगातला सर्वांत स्वस्त म्हणून समोर आणला. तो स्वस्त होता, यावर कोणाचे दुमत झाले नाही. महाज्योती ही नागपूरची संस्था इतर मागास आणि भटक्या वर्गांतल्या मुलांना नीट-जेईईच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा 6 जीबी डेटा देते. हा उपक्रम कामाचा आहे. मात्र हा टॅब महाविद्यालयाच्या वर्गासाठी नसून त्या वर्गाला पर्याय म्हणून आहे, ही गोष्ट महाविद्यालयांनी मनाला लावून घेतलेली दिसत नाही.

परीक्षा हाताने लिहायची असते. हिवाळी परीक्षेत बोटे आखडतात आणि उन्हाळी परीक्षेत, पारा 45 च्या पुढे आणि गावात तेंदूपत्त्याची तोडणी, घामाने उत्तरपत्रिका मनगटाला चिकटते. तीन तास पुरवणीवर पुरवणी लावायची तर हाताला सवय हवी. वर्गात पेन ठेवण्याच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मांडायला संशोधन लागत नाही.

लॅपटॉपची खरी गरज वर्गाबाहेर भासते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचा असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते ठराविक आकाराच्या फाइलींत चढवावे लागते. मोबाइलवर पान अर्धे उघडते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग नेट कॅफेत असतो, कागदांची पिशवी आणि ओटीपीसाठी वडिलांचा मोबाइल घेऊन. तो मोबाइल हाती असला, तरी ओटीपी ज्या क्रमांकावर जातो त्याचे सिम रिचार्ज न केल्याने बंद झालेले असते. सर्व्हर चालत नाही, मग मुदत वाढते. त्या आठवड्यात वर्गात फक्त प्राध्यापक असतात, आणि नोट्स दिल्या असे डायरीत नोंदवतात.