अठ्ठावीस-एक कुणाला कळतं?

धोरणं सामान्य मतदाराच्या डोक्यावरून जातात, असं ज्यांना वाटतं त्यांनी बेंगळुरूच्या विमानतळावर उतरल्यावर जरा वाट वाकडी करून देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण भागात जावं. तिथल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन सरकारला एरोस्पेस पार्कसाठी हवी होती. एप्रिल २०२२ मध्ये शेतकरी धरण्यावर बसले आणि जवळपास १,२०० दिवस उठले नाहीत.

एवढ्या दिवसांत कायदा पाठ होतो. १९६६ च्या कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याचं कलम २८(१) म्हणजे सरकारचा इरादा आणि २८(४) म्हणजे जमीन गेलीच. २०१३ च्या केंद्रीय कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के जमीनधारकांची संमती लागते, या कायद्यात ती अट नाही. ज्याची जमीन जायची आहे, त्याला हा फरक वकिलाइतकाच कळतो. हिशेबही कळतो. मोबदला एकदाच येतो. द्राक्ष, तुती, दूध वर्षानुवर्षं. पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, नाव नसलेल्या मजुराला तर तो एकदाही येत नाही. २००८ साली सुरू झालेला विमानतळ शेजारीच आहे, जमीन दिलेल्यांचं पुढं काय झालं ते पाहायला लांब जावं लागत नाही.

मग कळत नव्हतं ते कुणाला? सिद्धरामय्या विरोधी पक्षनेते असताना याच शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलले होते. मे २०२३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, तरी संपादनाची अधिसूचना कायम राहिली. जून २०२५ मध्ये सरकारनं तीन गावांची ४९५ एकर वगळायची तयारी दाखवली. उरलेल्या गावांना सोडून सुटका नको, म्हणून शेतकऱ्यांनी ती नाकारली. ज्यांना आपण अडाणी समजतो, त्यांचं हे राजकीय शहाणपण! १५ जुलैला मुख्यमंत्र्यांनी संपादन मागं घेतल्याचं जाहीर केलं. ज्याला स्वखुशीनं द्यायची आहे त्याचीच जमीन घेऊ, असं सांगितलं. ही अट पहिल्या दिवशी का नव्हती?

आपल्याकडे २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांना महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का, असं मतदान घेऊन सरळ विचारलं गेलं होतं. जवळच्या हेटवणे धरणाचं पाणी कुणाच्या शेताला मिळायचं, हे तिथल्या मतदाराला चांगलं ठाऊक होतं. लोकांनी मतं दिली. सरकारनं निकाल मात्र अधिकृतपणे जाहीर केला नाही.

सगळ्यांना सगळं कळतं, असं मी म्हणत नाही. जीएसटीची गुंतागुंत मलाही कळत नाही आणि बहुतेक आमदारांनाही कळत नसावी. पण आमदाराला समजावून द्यायला सचिव असतो, टिपणी असते. मतदाराला नोटीस मिळते. तीच टिपणी ग्रामसभेत, गावच्या भाषेत, २८(१) निघण्याआधी वाचून दाखवा आणि प्रश्न घ्या. चन्नरायपट्टणच्या बाईमाणसांनी त्यासाठी चार उन्हाळे मांडवात काढायला नको होते.