धक्क्याने न सुटणारी गाडी

साताऱ्यात आज जे साठी ओलांडून बसलेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातला पहिला गिअर डाव्या मनगटाने टाकला. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यातच होता, तिथे 'प्रिया' बनायची आणि तिचा गिअर हँडलच्या मुठीत असायचा. मूठ पिळली की खटकन आवाज यायचा आणि त्या आवाजावरून शेजारचासुद्धा सांगायचा, केबल सैल झालीय. याच पिढीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी गुडघे कुरकुरायला लागल्यावर ऑटोमॅटिक गाडी घेतली. डाव्या पायाला सुट्टी मिळाली. गाडीला काय होतंय हे आपल्याला आवाजावरून कळतं, हा आयुष्यभराचा विश्वास मात्र त्याच दिवशी निकालात निघाला.

गाडीचं दुखणं गळीत हंगामात उघडं पडलं. गृहस्थांची सासुरवाडी सांगली. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यावर मोठ्याने लावलेली गाणी, हे त्या दिवसांत ठरलेलंच. त्याच्यामागे मैलभर रांगत गेल्यावर आष्ट्याच्या अलीकडे गृहस्थांनी ओव्हरटेक करायला पाय दाबला. इंजिन ओरडलं, काटा चार हजारांवर गेला आणि गाडी होती तिथेच राहिली. मग मागून लाथ बसावी तसा हिसका बसला. पुन्हा ओरडणं. शेवटी गाडी कडेला घेतली ती तिथेच बसली.

पाच मिनिटांत उसाच्या फडातून माणसं आली. या भागात बंद पडलेल्या गाडीला माणूस कमी पडत नाही.

"सेकंडला टाका काका, क्लच दाबून धरा, आम्ही ढकलतो. सांगितलं की सोडा."

"क्लच नाही याला."

"नाही म्हणजे? मोडला?"

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, आणि इथे तर इंजिन चालूच होतं, हे चौघांना समजावता समजावता गृहस्थांचा घसा सुकला. तेवढ्यात एका सज्जनाने ट्रॅक्टरचा दोर काढला. टोचन! हा तर त्याहून वाईट उपाय. पुढची चाकं जमिनीवर ठेवून अशी गाडी ओढली, तर चाकांबरोबर गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात. पण त्यांना तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असतं. म्हणजे आतला सगळा लोखंडी संसार कोरडा घासत सांगलीपर्यंत जाणार. गृहस्थांनी हात जोडून दोर नाकारला आणि सपाट पाठीची गाडी मागवली. दोर गुंडाळताना तो सज्जन एवढंच म्हणाला, "लई शिकल्यात वाटतं." यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते वाटणं गृहस्थांनी त्याच्यावरच सोडलं.

शोरूमचं म्हणणं एका कागदात मावलं: गिअरबॉक्स संपूर्ण बदलावा लागेल, साडेतीन लाख. गाडीची बाजारातली किंमत जेमतेम चार. कागद घेऊन गृहस्थ साताऱ्याला परतले आणि सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला.

यवतेश्वराच्या रस्त्याला सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत एक जण म्हणाला, क्लचप्लेट टाका, वीस-पंचवीस हजारांत काम होतं. दुसरा म्हणाला, बेल्ट गेला असणार. तिसऱ्याच्या भाच्याच्या गाडीत कॉम्प्युटर बदलला होता. तिघेही खरं बोलत होते, फक्त तीन वेगवेगळ्या यंत्रांबद्दल. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' हे आडनाव निदान चार घराण्यांना लावतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी स्वस्त ऑटोमॅटिक घराघरांत शिरली ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीचीच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मोटर. तिथे क्लचप्लेटचा सल्ला अगदी बरोबर. घाटात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्यांच्या प्लेटा लवकर जळतात. बेल्ट असतो तो सीव्हीटीत. या जातीची पूर्वज म्हणजे हॉलंडच्या डाफ कंपनीची १९५८ सालची छोटी गाडी. ती मागेही तितक्याच वेगाने धावायची, जितकी पुढे. मग डच लोकांनी काय करावं? तिच्या उलट्या धावण्याच्या शर्यती भरवल्या. तिसरी जात दोन क्लचांची, भाच्याचा कॉम्प्युटर बहुधा तिच्यातला.

गृहस्थांची गाडी चौथ्या, सगळ्यात जुन्या घराण्यातली: टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, आणि वाऱ्याच्या जागी तेल, अशी ही युक्ती. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने ती १९०५ च्या सुमारास काढली, तीही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. ट्रॅक्टरमागे रांगताना हे दोन पंखे एकमेकांशी जुळत नाहीत, घसरत राहतात आणि ती सगळी घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. म्हणजे रोग तेलाचा असण्याची शक्यता मोठी.

आता तेलाकडे पाहावं, तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं: गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे. कोणाच्या आयुष्यभरासाठी, हे पुस्तकात नव्हतं. जगभरच्या मोटारींना असे गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला म्हणते. बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरं. 

सांगलीच्या मेहुण्याचा सल्ला सगळ्यात सोपा होता. "दाजी, विकून टाका. कोणाला काय कळतंय?"

कळतं, आणि सांगलीत तर फारच कळतं. तिथे कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावातल्या कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. फोटिंगरची युक्ती पुन्हा पाण्यात गेली, पण यावेळी जहाजाशिवाय. ऑटोमॅटिकचं तेल सहसा लाल असतं, त्यात पाणी शिरलं की ते दाट गुलाबी होतं आणि आतल्या क्लचांचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो गोंद सुटतो. तेव्हापासून जुनी गाडी पाहायला आलेला सांगलीकर बॉनेट नंतर उघडतो, आधी सीटखाली हात घालून गाळ चाचपतो आणि विचारतो, "पुरात होती का?" अशा गावात गिअर घसरणारी गाडी मुकाट्याने खपवणं हे मेहुण्याला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. शिवाय घेणारा नात्यातलाच निघण्याची भीती. या पट्ट्यात कोण कोणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही.

रात्री झोप लागेना म्हणून गृहस्थ वाचत बसले आणि आपण एकटे नाही हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. २०१३ साली फोक्सवॅगनने चीनमधून ३,८४,१८१ गाड्या दोन क्लचांच्या गिअरबॉक्सपायी परत मागवल्या होत्या. तशाच जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. हे सगळं त्यांनी उत्साहाने बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "अहो, मग आपल्याला त्यातले किती मिळणार?"

शेवटी निकाल लागला तो पेठ नाक्याजवळच्या एका मेस्त्रीकडे. त्याने सल्ला दिला नाही, हीच त्याची पहिली जमेची बाजू. स्कॅनर लावला, कोड पाहिला, मग खालचं तेलाचं पातेलं उतरवलं. तेल काळपट, जळका वास. पातेल्याच्या तळाशी लोहचुंबकं बसवलेली असतात, ती त्याने कागदावर पुसली. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ निघाला.

"चुरा किंवा तुकडे असते तर अख्खा डबा खोलावा लागला असता. ही नुसती झीज आहे, होतेच. प्लेटा जिवंत आहेत."

दोष निघाला तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या सोलेनॉइडमध्ये. ते बदलायचं, तेल आणि फिल्टर नवा, मग स्कॅनरवरून गिअरबॉक्सला जुन्या सवयी विसरायला लावायच्या. साडेतीन लाखांच्या एक दशांशात काम. पातेलं उतरवायच्या आधी जो गिअरबॉक्स बदलायला सांगतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये, असं गृहस्थ आता फिरायच्या रस्त्यावर सगळ्यांना सांगतात. ज्याचा गिअरबॉक्स खरोखरच तुकडे टाकत होता त्यालाही सांगतात, हे जरा जास्त होतं.

गाडी 'डी'ला टाकली की तत्काळ हलते हे कळल्यावर मेहुण्याचं मत बदललं. "दाजी, इकायची असली तर घरातच द्या की." मिरजेच्या एका लग्नाला जाताना त्याने चालवून बघायला घेतली. मांडीवर भडंगाची पिशवी, फोडलेली. विश्रामबागच्या चौकात सिग्नल लागला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधत गेला. तिथे होता रुंद ब्रेक. सगळ्यांची डोकी पुढे गेली, भडंग डॅशबोर्डभर झालं आणि शेंगदाणे गिअर लीव्हरच्या खाचेत उतरले. कार्यालयासमोर गाडी लावली तर लीव्हर 'पी'ला जाईना आणि तो 'पी'ला गेल्याशिवाय किल्ली निघेना.

मेस्त्रीला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोरडं होतं, का कांदा-टोमॅटो घातलेलं?"